जुन्या धातूच्या साय-फाय मिनिएचर: पारख, साफसफाई, जपणूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिनिएचर म्हणजे युद्धखेळासाठी ओतलेली बोटभर उंचीची पुतळी. इथे फक्त धातूच्या आणि विज्ञानकथेतल्या पुतळ्यांचा विचार केला आहे: अंतराळ सैनिक, परग्रहवासी, यंत्रमानव, चालते रणगाडे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या संग्राहकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथली हवा, इथला पावसाळा आणि इथल्या दुकानांत काय मिळतं हे धरून दिली आहेत.

‘जुनी’ म्हणजे नेमकी किती जुनी?

आम्ही १९९७ ही रेघ धरतो. त्या वर्षी गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश युद्धखेळ कंपनीने आपल्या सिटाडेल नावाच्या पुतळ्यांसाठी शिशाचा मिश्रधातू सोडून बिनशिशाचा ‘व्हाइट मेटल’ घेतला. अमेरिकेतल्या राल पार्था कंपनीने १९९३ मध्येच ‘रालिडियम’ नावाचा बिनशिशाचा धातू आणला होता, कारण न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या खेळण्यांवर बंदीचा कायदा येऊ घातला होता. त्यामुळे ही रेघ कंपनीगणिक पुढे-मागे सरकते. पण शिसं आहे की नाही, हा जुन्या-नव्याचा सगळ्यात भरवशाचा दुवा आहे.

नवी पुतळी हातात आली की सगळ्यात आधी काय करायचं?

काहीच करायचं नाही. ना ब्रश, ना कानस, ना डिंक. आधी पुतळी उलटी करा आणि बूड बघा. मग चारही बाजूंनी फोटो काढा, बुडाचा वेगळा काढा. त्यानंतर वजन आणि उंची वहीत लिहा. पुतळी पाकिटात आली असेल, तर पाकीट, आतला कागदाचा तुकडा, जुनी किमतीची चिठ्ठी, सगळं जपून ठेवा.

एवढा आग्रह धरण्याचं कारण असं की, ओळख पटवणारे पुरावे पुतळीच्या चेहऱ्यावर फार कमी असतात आणि पायाखाली जास्त. हौशी माणूस नेमका तोच भाग पहिल्यांदा कापतो, घासतो किंवा एम-सीलखाली बुजवतो. एकदा गेलेला शिक्का परत येत नाही.

पायाखालच्या पट्टीवर काय वाचायचं?

पायांखाली धातूची एक चपटी आडवी पट्टी असते. तिला टॅब म्हणतात. ती प्लॅस्टिकच्या बुडाच्या खाचेत बसते आणि त्या बुडाला स्लॉटा-बेस म्हणतात. सिटाडेलने ही पद्धत १९८५ च्या आसपास रूढ केली. म्हणून सिटाडेलची पुतळी टॅबवाली असेल तर ती साधारण त्यानंतरची, आणि धातूचंच गोल किंवा वेडंवाकडं बूड अंगासकट ओतलेलं असेल तर बहुधा त्याआधीची. ही खूण फक्त सिटाडेलपुरती घ्या. राल पार्था, ग्रेनेडियर या अमेरिकी कंपन्यांनी अंगासकट ओतलेली बुडं पुढेही बरीच वर्षं चालू ठेवली.

टॅबच्या दोन्ही बाजू बघा. एकीकडे कंपनीचं नाव आणि हक्काची खूण, दुसरीकडे वर्ष, मालिकेचा क्रमांक किंवा त्या पात्राचं नाव असू शकतं. अक्षरं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असतात. भिंग असेल तर उत्तमच, पण त्याहून उपयोगी पडतो तिरपा उजेड. मोबाइलचा टॉर्च टॅबच्या पातळीत, अगदी आडवा धरा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि पुसट शिक्काही वाचता येतो. तरीही जमलं नाही तर टॅबवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवा, ठसा उमटतो.

टॅबवर १९८७ आहे. म्हणजे पुतळी १९८७ ची, बरोबर?

नाही. सर्वाधिक फसगत इथेच होते. टॅबवरचं वर्ष हे मूळ शिल्प घडल्याचं, म्हणजे हक्क नोंदल्याचं वर्ष असतं. त्याच साच्यातून पुढे दहा-पंधरा वर्षं माल निघू शकतो. १९८७ शिक्क्याची पुतळी १९९८ मध्ये बिनशिशाच्या धातूत ओतलेली असणं पूर्ण शक्य आहे. शिक्का शिल्पाचं वय सांगतो, ओतकामाचं वय धातू सांगतो. दोन्ही जुळले तरच ‘त्याच काळातली’ असं लिहा.

धातू कोणता आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

घनतेवरून. लागणारं साहित्य: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा (सराफांकडे असतो तसला), प्लॅस्टिकचा पेला, पाणी, बारीक दोरा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे.

पुतळी प्लॅस्टिकच्या बुडातून सोडवा. रंगाचा जाड थर नसेल तर उत्तम. कोरडं वजन घ्या. मग पेल्यात पाणी भरून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता पुतळी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी अधांतरी धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर पुतळीचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा.

उदाहरणार्थ, कोरडं वजन १५.३० ग्रॅम आणि बुडवल्यावर १.८० आलं तर घनता ८.५. शुद्ध शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३. म्हणजे ८.५ हे साधारण ४० टक्के शिसं आणि ६० टक्के कथील असं मिश्रण झालं. तीच पुतळी बिनशिशाच्या धातूत असती तर कोरडं वजन १३ ग्रॅमच्या आसपास भरलं असतं आणि घनता ७.३ च्या जवळ आली असती. आठच्या वर आकडा गेला तर शिसं धरून चाला. साडेसहाच्या आसपास आला तर जस्ताचा मिश्रधातू, म्हणजे बहुधा स्वस्त खेळण्यातला सैनिक.

चुका कुठे होतात? काखेत, पायांच्या मध्ये हवेचे बुडबुडे अडकले की आकारमान जास्त दिसतं आणि घनता खोटी कमी येते. लिक्विडचा थेंब त्यासाठीच. ओतकामात आत पोकळी राहिली असेल तरीही तसंच होतं. काही बिनशिशाच्या धातूंत बिस्मथ असतं, त्याने आकडा थोडा वर चढतो. १५ मिलिमीटरच्या चिमुकल्या पुतळ्या दोन-तीन ग्रॅमच्या असतात, तिथे काट्याची चूकच मोठी ठरते. त्या एकाच प्रकारच्या पाच एकत्र बांधून मोजा.

काटा नसेल तर एक ढोबळ चाचणी: टॅबची कड पांढऱ्या कागदावर ओढा. शिसं बऱ्यापैकी असलेला धातू करडी रेघ सोडतो, कथलाचा जवळजवळ नाही. (शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, पण रेघ दिसते साधारण तशीच.) ही चाचणी टॅबवरच करा, हातापायावर नको. आणि ज्या कडेवर अक्षरं आहेत तिथे तर मुळीच नको.

कोणत्या कंपन्यांच्या पुतळ्या जास्त पाहायला मिळतात?

सिटाडेल. ब्रायन अॅन्सेल आणि गेम्स वर्कशॉपची मंडळी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये नेवार्क-ऑन-ट्रेंट इथे सुरू केलेली कंपनी. रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर’ हा खेळ १९८७ मध्ये आला आणि त्याच्या पुतळ्यांनाच आज सर्वाधिक मागणी आहे. चोचीसारखं शिरस्त्राण असलेले सैनिक दिसले की लोक लगेच ‘रोग ट्रेडर’ म्हणतात. पण एक लक्षात ठेवा: त्या काळचा ३० सैनिकांचा प्रसिद्ध डबा, क्रमांक आरटीबी-०१, प्लॅस्टिकचा होता. तो धातूचा म्हणून कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

लेझरबर्न. १९८० मध्ये आलेला १५ मिलिमीटर मापाचा खेळ, तोही अॅन्सेल यांचाच. पुतळ्या साध्या, हातपाय जाडसर.

ग्रेनेडियर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची कंपनी. ‘ट्रॅव्हलर’ खेळासाठी यांच्या १५ मिलिमीटरच्या पुतळ्या होत्या. पुढे त्यांच्या ब्रिटिश शाखेसाठी मार्क कॉपलस्टोन यांनी केलेले भविष्यकाळातले योद्धे हे आमच्या मते त्या काळातलं सर्वात जिवंत काम आहे. अंगावरच्या कपड्यांच्या घड्या बघा, उभं राहण्याची ढब बघा. किंमत अजून आवाक्यात आहे.

राल पार्था. ओहायोतल्या सिनसिनाटीची, १९७५ ची. ‘बॅटलटेक’ या खेळाचे चालते रणगाडे यांनीच ओतले. त्यातले सुरुवातीचे काही नमुने जपानी अॅनिमेशनमधल्या रचनांवर बेतलेले होते. त्यावरून अमेरिकेत खटला झाला, १९९६ मध्ये तडजोड झाली आणि त्या रचना वापरातून गेल्या. संग्राहक त्यांना ‘अनसीन’ म्हणतात. त्यांना भाव आहे, म्हणून नकलाही आहेत.

अस्सल, पुनर्निर्मित आणि नक्कल यांत फरक काय?

पुनर्निर्मित म्हणजे हक्क असलेल्या कंपनीने मूळ साच्यांवरून पुन्हा काढलेला माल. लेझरबर्न आज अल्टरनेटिव्ह आर्मीज काढते, बॅटलटेकचे धातूचे नमुने आयर्न विंड मेटल्स. हा प्रामाणिक माल आहे. खेळायला, रंगवायला बिनधास्त घ्या. फक्त तो ‘जुना’ म्हणून घेऊ-विकू नका.

नक्कल म्हणजे बाजारातून आणलेल्या पुतळीचाच साचा करून ओतलेली पुतळी. इथे आपल्या भागातल्या लोकांना एक सोय आहे: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम केलेल्या कुणालाही हे दोन वाक्यांत कळतं. धातू थंड होताना आकसतो. खानापूरच्या कुंभारालाही भट्टीत भांडं आकसतं हे सांगावं लागत नाही. मूळ शिल्प करताना आकसण्याची वजावट धरता येते. पण आकसलेल्या पुतळीवरूनच साचा घेतला की नवी पुतळी आणखी आकसते. फरक टक्का-दोन टक्क्यांचा, म्हणजे ३० मिलिमीटरच्या पुतळीत सुमारे अर्धा मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपरवर तो दिसतो. मात्र उंची मोजू नका, कारण पाय वाकलेले असू शकतात. बंदुकीची लांबी, पाठीवरच्या पेटीची रुंदी, शिरस्त्राणाची रुंदी अशी न वाकणारी मापं घ्या आणि खात्रीच्या पुतळीशी ताडून पाहा.

बाकीच्या खुणा: टॅबवरची अक्षरं गोलसर, भरलेली. पट्ट्यांच्या बकला, बोटांमधल्या फटी बुजलेल्या. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. आणि शिक्का १९८७ चा, पण घनता ७.३, तर किमान ‘नंतरचं ओतकाम’ एवढं तरी नक्की.

घाईने नक्कल ठरवू नका. या पुतळ्या रबराच्या दोन भागांच्या चकतीसारख्या साच्यात, साचा गरागरा फिरवत ओततात. रबर झिजतं. झिजलेल्या साच्यातला अस्सल मालही दोन अर्ध्यांमध्ये सरकलेला, कडेला जाड फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेला धातूचा पापुद्रा) असलेला निघतो. सरकलेली पार्टिंग लाईन, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथली रेघ, ही दमलेल्या साच्याची खूण आहे. सगळीकडे सारखा मऊ पडलेला तपशील आणि कमी झालेलं माप ही नकलेची.

बुडावर काहीच लिहिलेलं नाही. आता?

माप बघा (१५, २५ की २८ मिलिमीटर, तळपायापासून डोळ्यांपर्यंत), बुडाचा आकार बघा, मग शस्त्र बघा. एकाच शिल्पकाराच्या पुतळ्यांत बंदुका सारख्या असतात, त्यामुळे चेहऱ्यापेक्षा बंदूक लवकर ओळख देते. मग जुन्या कॅटलॉगच्या स्कॅनशी ताडा. ‘लॉस्ट मिनीज विकी’ आणि ‘स्टफ ऑफ लेजंड्स’ या संकेतस्थळांवर मोठा साठा आहे. हात किंवा शस्त्र बदललेलं असू शकतं, म्हणून पाय आणि धड जुळतंय का ते आधी पाहा.

आजोबांच्या ट्रंकेत शिशाचे सैनिक सापडले. ते यातलेच का?

बहुधा नाही. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. लष्करी घरांत सापडतात ते बऱ्याचदा ५४ मिलिमीटरचे, आतून पोकळ शोभेचे सैनिक असतात. ब्रिटन्स कंपनीने पोकळ ओतकाम १८९३ मध्ये आणलं आणि शिशाचे सैनिक १९६६ पर्यंत काढले. हातात हलके लागतात, अंगाला कुठेतरी बारीक भोक असतं. तो वेगळा आणि तितकाच मोलाचा छंद आहे. रंग खरवडू नका, नीट ठेवून द्या.

जुना रंग कसा काढायचा? आणि काढायचाच का?

रंग त्या काळचा आणि बरा असेल तर काढू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. जाड एनॅमलखाली तपशील बुडाला असेल तरच हात लावा.

सगळ्यात सोपं म्हणजे डेटॉल, पाणी न मिसळता. पुतळी काचेच्या बरणीत पूर्ण बुडवून १२ ते २४ तास ठेवा. जुना टूथब्रश डेटॉलमध्येच बुडवून घासा. इथे पाण्याचा थेंब लागू देऊ नका, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकट राळेसारखा लगदा होतो आणि फटीत बसतो. सगळा रंग सुटल्यावरच लिक्विड सोप आणि पाण्याने धुवा. हातमोजे घाला, डेटॉल असं थेट त्वचेला झोंबतं.

अॅसिटोन झटपट काम करतं, पण प्लॅस्टिकचं बूड विरघळवतं आणि लगेच पेट घेतं. गॅसजवळ नको, बंद खोलीत नको. कॉस्टिक सोडा शिसं आणि कथील दोन्ही खातो, तो वर्ज्य. उरलेला रंगाचा गाळ मोरीत ओतू नका. वर्तमानपत्रावर वाळवून, बांधून वेगळा टाका.

पुतळीवर पांढरी पूड आली आहे. ही थंडीमुळे का?

थंडीमुळे नाही. शुद्ध कथील १३.२ अंशांखाली हळूहळू करड्या भुकटीत बदलू शकतं हे खरं, आणि बेळगावची पहाट कधीकधी तिथवर उतरतेही. पण या पुतळ्यांच्या धातूत शिसं, अँटिमनी, बिस्मथ असतं आणि ते हा बदल रोखून धरतं.

ही पांढरी पूड म्हणजे शिशाचा क्षय. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सतत थोडी थोडी निघत असते. ती दमट हवेत शिशावर बसते, त्याचं अॅसिटेट होतं, मग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पांढरं कार्बोनेट होतं आणि आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढचं शिसं खायला लागतं. म्हणून एकदा लागलं की थांबत नाही. जून ते सप्टेंबर बंद शोकेस, आत नवं प्लायवूड, खिडकीबाहेर धो धो पाऊस: खानापूरसारख्या ठिकाणी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. शोकेसमधल्या दिव्याच्या उबेने तर वाफ आणखी निघते.

उपाय: लागलेली पुतळी आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. पूड कोरडी झटकू नका, ती विषारी आहे. पाण्याखाली धरून ताठ ब्रशने घासा, खड्ड्यांतली टाचणीने काढा. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर किंवा वार्निश मारा. व्हिनेगरने साफ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ज्या आम्लाने रोग लागला तेच तुम्ही परत लावता. खड्डे खोल असतील, नाक-डोळे गेले असतील तर ते परत येणार नाहीत. रोग थांबवता येतो, एवढंच.

मग ठेवायच्या कशात?

पॉलिप्रोपिलीनच्या झाकणाच्या डब्यात. तळाला साधं पॉलिथिलीन फोम चालेल. प्रत्येक डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी. मृगाच्या आधी तपासा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला. रंग बदलला की जेल काढून मंद ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. बाहेर मांडायच्याच असतील तर काच आणि पावडर-कोटिंग केलेल्या लोखंडाचं कपाट घ्या, लाकडाचं नको. बबल-रॅप थेट रंगावर गुंडाळू नका. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचे गोल ठसे वार्निशवर कायमचे उठतात.

शिसं हाताळणं धोक्याचं आहे का?

धातू हातात धरल्याने नव्हे, पोटात किंवा फुप्फुसात गेल्याने अपाय होतो. कानस ओली करून वापरा, भुसा ओल्या कापडाने पुसा, काम झालं की साबणाने हात धुवा, कामाच्या टेबलावर चहासुद्धा नको. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या आसपास हे काम अजिबात करू नका. मोडक्या पुतळ्या घरच्या गॅसवर वितळवणं तर कधीच नाही.

तुटलेला हात कसा जोडायचा?

नुसतं फेविक्विक टिकत नाही. धातू जड, सांधा लहान, आणि एका धक्क्यात निसटतो. ०.८ किंवा १ मिलिमीटरच्या ड्रिल-बिटने दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर खोल भोक पाडा, त्यात पितळी तारेचा तुकडा घाला आणि दोन नळ्यांच्या अराल्डाइटने जोडा. भोकं समोरासमोर यायला एका बाजूच्या भोकाशी रंगाचा ठिपका लावून दोन्ही भाग टेकवा, ठिपका उमटतो तिथे दुसरं भोक. पावसाळ्यात फेविक्विकचा पांढरा धूर सांध्याभोवती बसतो, तेव्हा तर ते नकोच. आधीच्या मालकाने फेविक्विकने चुकीचा जोडलेला हात सोडवायचा असेल तर पुतळी रात्रभर फ्रीझरमध्ये, पिशवीत घालून ठेवा. गोंद ठिसूळ होतो आणि हलक्या पिळ्याने सुटतो.

मिळतात कुठे? मागवताना काय सांभाळायचं?

बेळगावच्या रविवार पेठेच्या भंगारात सापडतील ही आशा धरू नका, हा माल इकडच्या खेळण्यांच्या दुकानांत कधी आलाच नव्हता. परदेशी लिलावाच्या साइटवरून किंवा तिकडच्या नातेवाइकांकडून येतो. विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: बुडाचा फोटो, वजन, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो. देत नसेल तर सोडून द्या. भाव ठरवताना मागितलेली किंमत नव्हे, खरोखर विकल्या गेलेल्या पुतळ्यांची किंमत बघा.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे पाकिटावर ‘टॉय’ लिहिलेलं असलं की ते कस्टममध्ये अडकू शकतं. खरं तेच लिहायला सांगा: प्रौढ संग्राहकांसाठी जुन्या धातूच्या मॉडेल पुतळ्या, इतके नग, इतकी किंमत. किंमत कमी दाखवायला सांगू नका. पाकीट हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते. कस्टम शुल्क आणि कर लागतील ते आधीच हिशेबात धरा. पत्त्यात पिनकोड आणि फोन ठळक हवा. २०१४ मध्ये नाव अधिकृतपणे बेळगावी झालं तरी परदेशातल्या याद्यांत अजून ‘बेलगाम’ आढळतं. दोन्हींपैकी काहीही लिहिलं तरी पिनकोड बरोबर असला की पाकीट पोचतं.

नवख्याने सुरुवात कशाने करावी?

एकाच मालिकेने. आमची शिफारस ग्रेनेडियरचे भविष्यकाळातले योद्धे किंवा लेझरबर्नची १५ मिलिमीटर. पहिल्या दहा पुतळ्या मिळाल्या की प्रत्येकीचं वजन, घनता, तीन मापं आणि टॅबवरचा मजकूर वहीत नोंदवा. अकरावी पुतळी येईल तेव्हा तिच्याशी ताडायला तुमच्याकडे स्वतःचे आकडे असतील.